वाटाण्याएवढी गाठ आणि तुझी साखर

मी दवाखान्यात उपाशी राहायलाच आले होते, हे तुला दारात सांगितलं होतं. तरी नर्सची पाठ फिरताच तू माझ्या तोंडात साखर कोंबलीस. आधी ही तक्रार ऐक, नमस्कार-चमत्कार मागून.

चि. बारकीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे धड आहेत, बिघडलंय ते आतलं.

तेव्हा तुला ऐकायला फुरसत नव्हती (पुडी लपवायची होती ना), म्हणून लिहिते. जठरामागे स्वादुपिंड म्हणून असतं, त्यात मला वाटाण्याएवढी गाठ झाली आहे. ती गप्प बसत नाही, रात्रंदिवस इन्सुलिन गाळते, मग पोटात अन्न असो नसो. रक्तातली साखर तळाला गेली की माणसाला भ्रम होतो. म्हणून मी वर्षभर पहाटे उठून सुनेला चोर म्हणत होते, आणि न्याहारी झाली की मला त्यातलं काही आठवत नव्हतं. म्हातारीला चळ लागला असं ठरवून मुलाने खोलीला बाहेरून कडी घातली (माझ्याच भल्यासाठी म्हणे). शेवटी जिला चोर म्हटलं तिनेच ताडलं, की गोड चहा पोटात गेला की सासूबाई माणसात येतात. मला डॉक्टरकडे तिने नेलं, मुलाने फक्त गाडी चालवली.

गाठीची खात्री करायची तर माणसाला उपाशी ठेवून साखर उतरू द्यायची आणि उतरली की तेव्हाच रक्त काढायचं. मी बरळायला लागले, नर्स सुई आणायला गेली, आणि तुला माझी दया आली. चोर पकडायला घरात अंधार केला होता, तू दिवा लावलास. ती परत आली तोवर मी शहाणी झाले होते. सगळा उपास पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला मात्र गाठ सापडली चोरी करताना.

आता गुरुवारी ऑपरेशन. सर्जन माझ्याकडे न बघता माझ्या पोटाच्या फोटोकडे बघून बोलतो. म्हणाला, “आजी, गाठ वरवर असली तर कोरून काढू. आतल्या नळीला चिकटली असली तर स्वादुपिंडाचा शेपटाकडचा तुकडाच कापावा लागेल.”

“आणि हाताला लागलीच नाही तर?”

“पोट उघडून बोटांनी चाचपतो, आतून सोनोग्राफीही करतो. बहुतेक सापडते.”

बहुतेक. खोटं बोलला नाही, म्हणून सही केली. नंतर पाचक रस गळत राहिला तर पोटाला नळी ठेवून पडून राहायचं, हेही त्याने सांगितलं. सून विचारते, गाठ गेल्यावर तुम्ही मला काय म्हणाल? म्हटलं, चोर सोडून बाकी सगळं.

तुझी,
ताई

ता.क. येताना साखर आणू नकोस.

ता.क. दुसरा. त्या दिवशी तुला ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणाले, ते गाठीवर ढकलावं म्हणून डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, साखर पोटात गेल्यावर डोकं ठिकाणावर असतं. म्हणजे ते माझंच. तरी गुरुवारी येऊन बाहेर बस. मुलगा रडेल, सून हात जोडेल, पण शुद्धीवर आल्यावर माझं डोकं जाग्यावर आहे का, हे तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. तुला बघून शिवी दिली तर मी बरी आहे असं समज. गोड बोलले तर धावत डॉक्टरला बोलाव.

उत्तर तू स्वतः लिही. तुझ्या नवऱ्याने लिहिलेलं मी उघडणार नाही.