नवरदेवाला तोंड नसतं

सेरोवे, बोट्स्वाना
१० सप्टेंबर १९९५

तीर्थस्वरूप मामा आणि मामींना अमरनाथचा शरणार्थ.

मी खुशाल आहे, लिंगपूजा चुकवत नाही, पोट बरं आहे. मामींनी एवढंच विचारलं होतं म्हणून आधी ते उरकून टाकलं. आता तुम्ही गल्ल्यावर टेकून बसला असाल, तुमची रुद्राणी पत्र मोठ्यांदा वाचत असेल आणि शेजारचा मुंजाजी शिंपी मशीन थांबवून कान लावून बसला असेल. मुंजाजी, राम राम! तू शिवलेला शर्ट अजून टिकून आहे, बटणं मात्र गेली.

मामा, तुम्ही मागच्या पत्रात टोमणा मारलात, की मास्तरकी करायला आफ्रिकेत गेलास ते गेलासच, तिथं असं काय गवसलं? खरं सांगू? देश मोठा गुणाचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा ज्वारीचा देश आहे. ज्वारीची पेज, ज्वारीचा घट्ट घाटा, आणि पीठ आंबवून करतात ते तर हुबेहूब आपलं आंबील. आल्या आल्या पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. आणि पाऊस इतका कमी, की पावसालाच हे लोक देव मानतात म्हणा ना. 'पुला' म्हणजे पाऊस. यांच्या नोटेचं नाव पुला, आणि सभा संपली की आपण जयजयकार करतो तसे हे सगळे ओरडतात, पुला! आपल्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला याहून काय पटणार?

पण मला खरी भूल घातली ती यांच्या चावडीनं. झाडाखाली लाकडं रोवून अर्धगोल आवार केलेलं असतं, तिला 'खोत्ला' म्हणतात. तिथं कुणीही उठावं, बोलावं. मधे तोंड घालायचं नाही. गावचा राजा सगळ्यांत शेवटी बोलतो. मागच्या महिन्यात बोअरच्या पाण्यासाठी सभा होती, खुद्द मंत्री आले होते. एक म्हातारी अंगावरची चादर सावरत उठली आणि मंत्र्याला म्हणाली, "तुझ्या आईला मी ओळखते. तिनं तुला असं खोटं बोलायला शिकवलं नव्हतं." आपल्याकडे तिला बखोट धरून बाहेर काढली असती की नाही? इथं मंत्र्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तिचं संपेपर्यंत मान खाली घालून ऐकलं. मी तर बघतच राहिलो. सभेतली भाषा मला अर्धीमुर्धी कळते, बाकीचं आमच्या शाळेशेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टर दिनेओ मोलेफे समजावून सांगतात.

आणखी एक ऐका. इथं कायदा असा होता, की बाईनं परदेशी नवरा केला तर तिच्या पोरांना इथलं नागरिकत्व मिळायचं नाही. एक बाई त्यावर सरकारशी कोर्टात भांडली आणि जिंकली. सरकारनं कुरकुर केली, पण यंदा कायदाच बदलला! सिस्टर दिनेओंनी दवाखान्यात केक वाटला. तुम्ही म्हणाल, परक्या मुलखाच्या कायद्याची तुला कावून एवढी उठाठेव? काही नाही, आपलं सुचलं ते लिहिलं.

सगळंच सोन्याचं आहे असंही नाही. पगार झाला की दारू वाहते. आणि गाईला जेवढा मान आहे तेवढीच ती ताटातही आहे. मी आपला डाळभात शिजवून खातो, लोक हसतात, हसू देत.

दिवाळीला येण्याचं विचारलंत. रजेचं अजून नक्की नाही. त्याबद्दल सवडीनं लिहीन. मामी, शेंगांची चटणी संपली.

तुमचा भाचा,
अमरनाथ


सेरोवे
१५ ऑक्टोबर १९९५

तीर्थस्वरूप मामांना शरणार्थ.

हे पत्र दुकानात वाचू नका. घरात बसा, मामींना बोलवा, मग वाचा. वाचायचं मात्र रुद्राणीनंच, कारण यातलं निम्मं तिच्यासाठी आहे. मुंजाजीला काय सांगायचं ते नंतर सांगा.

तुमचं पत्र मिळालं. "गाईगुरांचं पुराण बस झालं. दिवाळीला येतूस का न्हाई ते लिव. तुळशीचं लगीन झालं की तुमा दोघांचा बार उडवून टाकू. आत्याच्या पोराचा हक्क हाय म्हणून म्या चांगली चांगली स्थळं माघारी लावली." हे दोनदा वाचलं. मामा, स्थळं माघारी लावलीत आणि मला कधी कळवलं नाहीत?

मी रुद्राणीशी लग्न करणार नाही. मला दिनेओ मोलेफेशी लग्न करायचं आहे. लिहिलं बाबा एकदाचं!

ती माझ्याहून वर्षभरानं मोठी आहे. रंगानं काळी आहे, मीही काही दुधात धुतलेला नाही. मोठ्यानं हसते. मला कावीळ झाली तेव्हा ती ज्वारीची पेज घेऊन यायची आणि मी मिठावरून भांडायचो. भांडता भांडता कधी काय झालं ते सांगता येत नाही.

मग मी एक पराक्रम केला. इस्त्रीचा शर्ट घातला, पेढे कुठले मिळायला, बिस्किटांचा पुडा घेतला आणि तिच्या मामांकडे, रा मोथीबींकडे, एकटाच जाऊन धडकलो. ('रा' म्हणजे आपलं राव समजा.) त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हणालो, मला तुमच्या भाचीबद्दल बोलायचं आहे. ते म्हणाले, यंदा उन्हाळा लवकर लागला. (इथं उन्हाळा दिवाळीच्या सुमारास लागतो.) मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, तुमच्याकडे बैलाला वेसण कशी घालतात? पुन्हा चहा झाला, बैल झाले, उन्हाळा झाला, माझं गाडं काही पुढं सरकेना. पोराटोरांनी बिस्किटं संपवली. निघताना दारापाशी त्यांनी हलकेच विचारलं, "मास्तर, तुझ्याकडून बोलणारं कुणी नाही का?"

दिनेओला हे सांगितलं तर ती हसून हसून खालीच बसली. म्हणाली, अरे वेड्या, नवरदेवाला तोंड नसतं!

इथली रीतच तशी आहे. मुलगी मागायला नवऱ्यानं जायचं नाही. त्याच्या घरची वडीलधारी माणसं जाकीट घालून उजाडायच्या आत मुलीच्या दारात जातात आणि म्हणतात, "आम्ही पाण्याचा तुंबा मागायला आलोय." मुलीचं नावही लगेच घेत नाहीत. आणि या सगळ्यांत पुढं कोण असतो? आईचा भाऊ! त्याच्याशिवाय पान हलत नाही. ऐकून मी थक्क झालो. आपल्याकडे तरी पाठीशी मामा उभा नसताना अंतरपाट धरतात का कुणी?

आमचे हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, मी उभा राहतो तुझा मामा म्हणून. मी नको म्हणालो. मला मामा आहे.

आणि तिथंच सगळी गोम आहे. ज्याच्या पोरीला मी नाही म्हणतोय, त्याच्याशिवाय माझं लग्न होत नाही. तुम्ही आला नाहीत तर रा मोथीबी मला जन्मभर चहा पाजत राहतील. दिनेओ घरच्यांना सोडून पळून येणारी नाही, आणि मलाही तसलं लग्न नको आहे. आईबाप गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच. मामा, मला तुमच्याशिवाय कुणी नाही हो.

रुद्राणी, हे तुलाच वाचायला लावतोय. वाईट वाटून घेऊ नकोस असं कोणत्या तोंडानं म्हणू? तुझ्यात उणं काही नाही. लोक लहानपणापासून आपल्याला चिडवत आले, आणि तुला काय हवंय ते कुणीच विचारलं नाही. आज मी विचारतो. इथल्या सभेत जे बोलायचं ते माणसाच्या समोर बोलतात, म्हणून तुझ्या पाठीमागं न लिहिता तुझ्यासमोरच लिहितोय. हे करणं चुकलं असेल तर शिव्या दे, पण गप्प राहू नकोस.

मामा, जानेवारीत याल का? तिकिटाचं मी बघतो. मुलीच्या घरी गाई द्याव्या लागतात, आणि मला शिंग कुठलं अन् शेपूट कुठलं एवढंच कळतं.

बोलणाऱ्या माणसाची वाट बघणारा,
अमरनाथ


धर्मापुरी
१९ नोव्हेंबर १९९५

अमऱ्यास ईश्वरप्पाकडून आशीर्वाद का शिव्या, काय घ्यायचं ते घे.

(अप्पा सांगतात तसं लिहिते आहे. एक शब्द गाळायचा नाही असा हुकूम आहे. रुद्राणी.)

तुझं पत्तर घरात वाचलं. पोरीनंच वाचलं. मधी थांबली, पाणी पिली, पुना वाचलं. आवाज हालू दिला न्हाई. मला लई राग आलाय बे. तू हितं असतास तर पायातलं काढून हाणलं असतं. तुझं नाव निघालं की तुझी मामी भांडी आपटती. मुंजाजी सारखा इचारतोय, पत्तर आलं का, पत्तर आलं का. त्याला सांगितलं, न्हाई आलं.

देवळात जाऊन बसलतो. डोळ्यांपुढून एकच हालंना. आपल्या भिवराचं, माझ्या बहिणीचं पोरगं परमुलखात लोकाच्या दारात बिस्किटाचा पुडा घेऊन एकटंच उभं हाय, अन् तो मानूस इचारतोय, तुला बोलणारं कुणी न्हाई का? कावून न्हाई? म्या काय मेलोय?

मग घरी येऊन पोरीलाच इचारलं, रुद्राणे, जाऊ का? तू न्हाई म्हनलीस तर जानार न्हाई. ती जा म्हनली. का म्हनली ते तिला ठावं.

तवा येतो. सोयरीक मोडली म्हणून मामा मोडत न्हाई. पन ध्यानात ठिव, गाई म्या निवडणार, दात बघून. कापाकापीच्या पंगतीला म्या बसणार न्हाई. पीठ संगं आणतो, तू चूल मांडून दे. मला इंग्रजी येत न्हाई, त्येंची भाषा येत न्हाई, तरी तू काळजी करू नको. दोन म्हातारी मानसं बैलावर दिसभर बोलत्यात. तू तेवढं तोंड उघडू नको.

पासपोटासाठी बीडला गेलतो. सायेब म्हनला, अप्पा, या वयात कुठं? म्हनलं, पोरगी मागायला.

इथून पुढं माझं.

तुम्ही विचारलंत मला काय हवंय. कुणी विचारील असं वाटलंच नव्हतं. मग आठवलं, अंबाजोगाईला बी.एड.ला जावं असं मनात होतं. तसं अप्पांना सांगितलं तर ते हो म्हणाले. रागात असले की ते कशालाही हो म्हणतात, म्हणून मी लगेच अर्ज आणवला.

अप्पांना मी जा म्हणाले ते तुमच्यासाठी नाही. तुमचं पत्र आल्यापासून ते धड जेवत नव्हते. माझा राग गेलेला नाही आणि तो इतक्यात जाईल असंही वाटत नाही. तुम्ही शिव्या दे म्हणालात, पण मला शिव्या येत नाहीत. तुम्ही समोर बोललात ते मात्र बरं केलंत. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मी अप्पांना जाऊ दिलं नसतं.

तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंत ते सगळं मोठ्यांदा वाचलं. फक्त ती मोठ्यानं हसते, ते गाळलं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

अप्पांना विमानात बसवायला मीच जाणार आहे. तिकडे त्यांना पाणी उकळूनच द्या. दाताखाली खडा आला तर ते चिडतात, तर डाळ नीट निवडत जा.

खाली 'तुझी बहीण' असं लिही, असं अप्पा म्हणतात. लिहायला घेतलं होतं. आज नाही जमत. नुसतं नाव लिहिते.

रुद्राणी