मामाजींच्या गाडीला फुकटचा जोर

आसगाव, ता. पवनी

तीर्थरूप धनीराम मामाजींना दामिनीचा वाकून नमस्कार. मामींनाही. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, हे ऐकून घरी सगळ्यांना बरं वाटलं. ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं असेलच. चिडू नका, असंही सांगितलं असावं. नसेल, तर माझ्याकडून समजा. तुम्ही आमच्या अंगणात ठेवलेली गाडी सुखरूप आहे. काचा, टायर, आरशाला लटकणारा हनुमान, सगळं जागेवर आहे. फक्त ती चालत नाही. (म्हणजे चालते, पण माणूस चालतो तशी.) फोनवर सांगणार होते, पण वाईट बातमी अर्धी ऐकून तुम्ही फोन ठेवता.

तुम्ही खेमराजला गाडीवर ड्रायव्हर ठेवणार म्हणालात, तेव्हापासून माझा भाऊ हवेतच होता. गाडी परत देताना ती आधीपेक्षा जोरात पळाली पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं. इंजिनला किती डिझेल द्यायचं, हे हल्ली गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो आणि तो हिशेब बदलायचं सॉफ्टवेअर मिळतं. खेमराजला त्याची कुलूप तोडलेली, फुकटची प्रत इंटरनेटवर सापडली. लॅपटॉप मात्र माझा. त्यातली पहिलीच सूचना अशी, की व्हायरस अडवणारं सगळं आधी बंद करा. मी म्हटलं, जो पाहुणा येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगतो, त्याला घरात घ्यायचंच कशाला? तर म्हणे, "बीए काय झाली, सगळ्याचंच भेव वाटून राहिलं तुले! अख्खी दुनिया वापरून राहिली." आई चुलीपासून ओरडली, "फुकटात कोणी शेणही देत नाही, बाबू!" मग मी दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी या विषयावर बोलले. खेमराजने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वायर गाडीला जोडली.

काम झाल्याचं लॅपटॉपवर दिसताच रुखमिणी आत्याने बोनेटसमोर नारळ फोडला. आपल्याकडे दारात कोणी आलं, तर पाणी देताना गाव तरी विचारतात. या सॉफ्टवेअरने तेवढंही विचारलं नाही. भलत्याच इंजिनाचा हिशेब तुमच्या गाडीत बसवून ते मोकळं झालं. (खरं सॉफ्टवेअर आधी गाडीची ओळख पटवून घेतं, हे मागाहून कळलं.)

पहिल्या दिवशी गाडी खरंच पळाली. बाबा पवनीला जाऊन आले आणि उगाचच पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हर्षाचं साक्षगंध होतं. नवरी, तिची आई, आत्या आणि मी, अशा आम्ही सजून निघालो. अर्ध्या वाटेत काळा धूर सुटला, कसलासा लाल दिवा लागला आणि गाडीने वेग सोडला तो सोडलाच. खेमराज पायाने ॲक्सिलरेटर दाबत होता, गाडी रांगत होती. शेवटी आत्या उतरून चालू लागली. पुढच्या वळणावर ती झाडाखाली आमची वाट पाहत बसलेली दिसली. "या, या," म्हणाली, "मले वाटलं, मुक्काम केला तुम्ही!" नवरी एका ट्रॅक्टरवर गेली. साक्षगंध झालं, अंगठ्याही घातल्या, पण फोटोत हर्षाच्या कपाळावर काजळी आहे.

पवनीचा मंगरू मिस्त्री म्हणतो, आतला संगणकच बदलावा लागेल. माझ्या लॅपटॉपलाही त्या पाहुण्याने आतून कुलूप घातलं आहे. मुलींच्या वाचनालयासाठी गोळा केलेले सगळे अर्ज त्यात अडकले. मी ते पुन्हा लिहून घेईन. पण खेमराजचं तसं नाही. तुमच्याकडचं काम गेलं, तर त्याच्यावर गाडी सोपवणारं दुसरं कोणी नाही. बाकी सर्व क्षेम. मामींना आईने लाखोळीची डाळ पाठवली आहे.

तुमची भाची,
दामिनी

ता. क. पत्र आणि डाळ घेऊन खेमराज स्वतः बसने येतो आहे. त्याला वाटतं, पाकिटात फक्त तुमच्या तब्येतीची विचारपूस आहे. काम द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण त्याचं ऐकून मग ठरवा.

पुन्हा ता. क. "मामाजीले मीच सांगतो," असं त्याने मला बजावलं आहे, म्हणजे हे पत्र लिहायचंच नव्हतं. तो आपणहून बोलला, तर ते तुम्हाला मिळालंच नाही, असं समजा. कालपासून तो विहिरीपाशी एकटाच पुटपुटतो आहे. "मामाजी, माह्या हातून चूक झाली," इथवर जमतं. पुढचं वाक्य अजून बसलेलं नाही. तेव्हा त्याला पाणी द्या आणि जरा थांबा.