चहाच्या मळ्याखाली, नदीकाठी

मनीषाचे बाबा,

संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एसटीचे कंडक्टर तुम्ही, सकाळी गेलात तरी दिवेलागणीला डोणगावात घरी असायचात. आज लिहितेय, कारण काल भाऊजी आले होते. तुमचं वर्षश्राद्ध जवळ आलं. ते म्हणाले, दादाचा देह गावात आला नाही, अग्नी बाईनं दिला. आता दर्भाचा पुतळा करून त्याला रीतसर अग्नी द्यायचा. ते गेले आणि वाटलं, हे तुम्हालाच सांगावं.

दार्जिलिंगचं वेड तुमचंच. निवृत्त झालात त्या आठवड्यात म्हणालात, "जिंदगीभर लोकायले तिकीट फाडून देल्लं, आता आपलं फाडू." अकोल्याच्या एका यात्रा मंडळात नाव घातलंत. हावड्याला गाडी बदलली, पुढं जीप. डोंगर चढताना तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसला होतात. वळण आलं की तुमचा हात घंटीची दोरी शोधत वर जायचा, आणि मागचे सगळे हसायचे.

धुकं हटलं तेव्हा उतारभर चहाची झुडपं दिसली, कंबरेएवढी, एका उंचीची. डोक्याच्या पट्ट्याला टोपली अडकवून बायका पानं खुडत होत्या. तुम्ही म्हणालात, "अवं, आपली कपाशीची पऱ्हाटी याच्याहून उंच असते." हसता हसता खोकला लागला, हात छातीवर गेला. मी विचारलं तर म्हणालात, थंडी आहे, दुसरं काही नाही.

थंडी होती का ती? घरी आल्यावर रशीदभाई टेलर माझ्यापुढं बसून रडले. म्हणाले, दादाच्या छातीत महिनाभर दुखत होतं, पण तिला सांगितलं तर ती जाऊ देणार नाही, असं म्हणायचे. तुमच्या मित्राला माहीत होतं, मला नाही. काऊन नाही सांगितलं मले? नसतं जाऊ दिलं, हे खरंच. त्यात एवढं काय बिघडलं असतं?

तिथं डोंगरावर पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पावसातच आपल्याला मळा बघायला नेलं. तुम्ही दगडी बांधावर टेकलात आणि पाणी मागितलंत. बाटलीचं झाकण उघडेपर्यंत तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. मला वाटलं, थकलात.

मळ्याच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. खालचा रस्ता दरड कोसळून बंद झाला होता. केव्हा उघडेल, कोणाला सांगता येईना. देह ठेवायची सोय तिथं नव्हती. भाऊजींना फोन लागला. ते एकच सांगत होते, "वहिनी, कसंही करा, पण दादाले घरी आना." आणि मी समोरच्या चिखलाकडं बघत होते. कशी आणणार होते तुम्हाला?

शेवटी ठरवलं ते मीच. आपल्या गटातली माणसं सगळी म्हातारी, त्या निसरड्या वाटेनं नदीपर्यंत उतरणं त्यांना जमणार नव्हतं. पानं खुडणाऱ्यांतली माया म्हणून एक बाई पुढं आली. म्हणाली, "दीदी, आप अकेली नहीं जाएंगी, हम चलेंगे." मळ्यातल्या माणसांनी तुम्हाला खांदा दिला, बायका माझ्या दोन्ही बाजूंनी चालल्या. सरपण ओलं होतं. त्यांनी मळ्यातून उपटलेल्या जुन्या चहाच्या झाडांची वाळकी खोडं घरून आणली, स्वतःच्या चुलीसाठी ठेवलेली. अग्नी कोण देणार, असं त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं. जीपचा ड्रायव्हर तयार होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, मी देते.

पदर कंबरेला खोचला. अग्नी दिला.

मनीषा पुण्याहून मोबाइलवर बघत होती. तुमचा चेहरा दिसला तिला, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. ती अजून त्याबद्दल बोलत नाही. घरी येते, तुमच्या फोटोकडं न बघता आत जाते.

आज सकाळी मी भाऊजींच्या घरी गेले. म्हटलं, पुतळा जाळायचा नाही. एकदा जळताना पाहिलं, पुन्हा बघवणार नाही. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दर्भाची जुडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "रीतभात जाऊ द्या वहिनी. मले दादाले खांदा देता आला नाही." वर्षभर ते हेच घेऊन बसले होते, आणि मला वाटत होतं, ते माझ्यावर रुसलेत.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, ती वाट, ती नदी, खांदा देणारी माणसं. त्यांनी एकच विचारलं, "लय थंडी होती का हो तिथं?"

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलू?

दुःख कमी झालं असं समजू नका. घर तसंच आहे, संध्याकाळ झाली की नकोसं होतं. पण एक शब्द देते. पाऊस सरला, तिकडचे रस्ते सुधारले, की मनीषाला आणि भाऊजींना घेऊन मी येईन. त्या दोघांना नदीकाठी उभं करीन आणि जागा दाखवीन. त्यांना रडायचं तेवढं तिथं रडू देईन. या वेळी तिकीट मी काढीन.

तुमची,
मनीषाची आई