सातव्या मुक्कामाची खोली

प्रिय ठमे,

'प्रिय' लिहिल्यावर दोन दिवस कागद तसाच टेबलावर पडून होता. तो शब्द खोडावा की ठेवावा, ठरेना. शेवटी ठेवला. हाताला इतक्या वर्षांची सवय आहे, तो मनाला विचारत बसत नाही. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही, त्यामुळे आधी बातम्या सांगून टाकते. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला आमचा ड्रॉइंगचा विभाग बंद झाला. तिरकी टेबलं, लांब पट्ट्या, ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या, सगळं तळघरात नेऊन टाकलं आणि मला एका पडद्यासमोर बसवलं. या शहरातल्या नळांचे नकाशे मी तीस वर्षं हाताने काढले. आता ते मशीनमधून आपोआप निघतात आणि निम्मे चुकीचे असतात. चूक दाखवली की साहेब म्हणतात, 'ताई, मशीन चुकत नाही हो.' गेल्या महिन्यात त्यांनी भर चौकात खणलं आणि पाइप निघाला पलीकडच्या फुटपाथखाली. मी डबा उघडून जेवायला बसले. नवरा बरा आहे. लिफ्ट दुरुस्तीला अजून जातो, पण शिडीवर चढायची कामं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. आम्ही एकाच घरात राहतो. भांडत नाही. दूध कोण आणणार, विजेचं बिल कोण भरणार एवढं बोलतो, आणि ते बोलताना एकमेकांना 'प्लीज' म्हणतो.

तुझी माझी ओळख चष्म्यामुळे झाली, हे मला कुणी न विचारताही आठवत राहतं. चाळिशी लागली हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. तुझ्या दुकानात येऊन मी म्हटलं होतं, अक्षरं हल्ली बारीक छापतात. तू हसली नाहीस. गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, 'हो ना, छापखानेवाले फार माजलेत,' आणि माझ्या नाकावर एकामागून एक अकरा फ्रेमा चढवल्यास. बाराव्या फ्रेमपर्यंत मी तुला माझ्या सासूचं आजारपण, ऑफिसातलं राजकारण आणि न झालेल्या मुलांबद्दल सांगून बसले होते. मी मुळात बोलकी नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला जे ठाऊक नव्हतं ते तुला पहिल्या तासात ठाऊक झालं. तेव्हा मला तो चमत्कार वाटला होता.

मंडळातही मी तुझ्यामुळेच आले. नवरा तयारच होता, पुरुषाला तयार करायला लागतं तरी काय! मला मात्र तू तीन महिने समजावत होतीस. चार जोडपी, महिन्यातला एक शनिवार, एकाच्या घरी जेवण, आणि त्यानंतर आपला जोडीदार सोडून दुसऱ्याच्या जोडीदाराबरोबर रात्र. सगळं सगळ्यांच्या संमतीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मोठ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी त्याला शाळेसारखी शिस्त लावली होती. 'वहिनी', 'भावजी' हे शब्द आल्याआल्या कोटाबरोबर खुंटीला टांगायचे, हा त्यांचा पहिला नियम. नंतर हातमोजे विसरावेत तसे आपण ते शब्द तिथेच विसरून जायचो, आणि रस्त्यात भेटल्यावर एकमेकांना काय हाक मारावी ते सुचायचं नाही. पहिल्या शनिवारी तुझ्या डॉक्टरांशी मी दीड तास अक्कलदाढेवर बोलले होते. ते बिचारे दंतवैद्य, तेही मनापासून उत्तरं देत राहिले. मला त्या सगळ्यात फार गोडी लागली असं खोटं कशाला लिहू? पण वाईटही वाटलं नाही. ज्या बाईकडे घरात कपाटाकडे बघावं तसं बघतात, तिच्याकडे कुणी थांबून बघतं, याने दोन-चार दिवस पाठ ताठ राहते. आणि खरं सांगू? मला सगळ्यात आवडायची ती रविवारची सकाळ. तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघी चहा घेत उभ्या असायचो आणि हसून हसून तुझा पदार्थ करपायचा.

मग त्या जानेवारीत मोठ्या बाईंनी यात्रेचं काढलं. डोंगरावरचं जुनं देवस्थान, एकोणीस दिवसांची पायवाट, आणि चालायचं आपण आठांनी. बँकवाले नवरा-बायको आधी हसले. बाईंचे यजमान, आपले सर, म्हणाले, 'अगं, लोक तिथे पापं धुवायला जातात, आपण वाटेत करत करत जायचं का?' बाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'आपण कुणापासून काही चोरत नाही. घरोघरी चोरून चालतं ते आपण उजेडात करतो. मग देवापुढे उभं राहायला आपल्यालाच लाज का वाटावी?' त्यावर कुणी हसलं नाही. मला पहिल्यांदा वाटलं की आपण जे करतो त्याला काहीतरी अर्थ असेल.

नकाशे माझ्याकडे, म्हणून आखणी माझ्याकडे आली, आणि माझी मदतनीस तू. दर गुरुवारी दुकान बंद असायचं, मी ऑफिसातून लवकर निघायचे, चार वाजता तू माझ्या जेवणाच्या टेबलाशी हजर. दिवसाला अठरा किलोमीटरच्या वर चाल नाही, सरांच्या गुडघ्यांसाठी. पाठीवर सात किलोपेक्षा जास्त ओझं नाही, बँकवाल्या बाईंच्या केसांच्या मशीनसकट. वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांमध्ये कुठे दोघादोघांच्या खोल्या होत्या, कुठे एकाच लांब खोलीत वीस खाटा. मग खोल्यांचा तक्ता. एकोणीस रात्री, चार खोल्या, कोण कुणाबरोबर. सलग दोन रात्री तीच जोडी नको, लांब चालीनंतरची रात्र मोकळी, आणि दर पाचवी रात्र ज्याची त्याच्या हक्काच्या माणसाबरोबर. बँकवाल्यांनी लेखी विचारलं होतं, पायाला फोड आले तर पाळी पुढे ढकलता येईल का. तू ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलंस आणि आपण दोघी टेबलावर डोकं टेकून हसलो. तुला मी प्रत्येक टप्प्याची एक प्रत ट्रेसिंगवर काढून देत होते. चढ लाल, पाणी निळं, सावली हिरवी. नळांच्या नकाशात मी इतका जीव कधी ओतला नव्हता.

एप्रिलमधला एक गुरुवार तेवढा तू चुकवलास. बहिणीकडे चार दिवस जाऊन आलीस, येताना लंगडत होतीस. नव्या बुटांनी दगा दिला म्हणालीस. मीच तुला मलम दिलं. माझा नवरा त्याच आठवड्यात कंपनीच्या प्रशिक्षणाला गेला होता. हे दोन प्रवास मी एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलेच नाहीत. का पाहावेत?

जूनमध्ये मी मुक्कामाच्या घरांना फोन करून खोल्या धरत होते. सातव्या मुक्कामाला नदीकाठचं घर आहे, मालकीणबाई वयस्क, कानाने मंद. मी आडनाव सांगितलं, तर त्या एकदम खुलल्या. 'अहो, तुम्हीच ना त्या! टाच बरी झाली का? तुमच्या मिस्टरांनी गरम पाण्याचा टब एकट्याने जिन्यावरून वर नेला हो, आणि खाली बसून तुमचे पाय धुतले. आमच्या ह्यांना मी अजून त्यावरून टोमणे मारते.' ठमे, मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, 'बरी झाली.' त्या म्हणाल्या, मग तुम्हाला तीच खोली ठेवते, खिडकीतून पूल दिसतो ती. मी म्हटलं, ठेवा.

माझा नवरा. जो मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून सांगत आला, दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या माणसाला चालायला सांगू नकोस. जो बाजारातून येताना दोन चौक रिक्षा करतो. तुम्ही दोघं झोपला असाल, त्याचं मला काय? ते तर मी स्वतःच्या हाताने तक्त्यात लिहीत होते. पण तुम्ही चाललात. चार दिवस, माझ्या लाल-निळ्या-हिरव्या रेघांवरून.

त्याच दिवशी गुरुवार होता. चार वाजता तू आलीस, चहा घेतलास, सातव्या मुक्कामाचा कागद पुढे ओढलास आणि अगदी सहज विचारलंस, 'इथे पूल आहे का गं? पाणी ओलांडायचं कसं?' तुझ्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. तू पेन्सिलीला टोक काढत होतीस. मी म्हटलं, पूल आहे. तू म्हणालीस, 'बरं झालं बाई, मला पाण्याची भीती वाटते.' आणि मग सहा वाजेपर्यंत आपण मोजे लोकरीचे घ्यावेत की सुती यावर बोललो.

त्या शनिवारी सर्वांसमोर मी तक्ता वाचला. ते दृश्य मी अनेकदा मनात फिरवून पाहिलंय आणि एकदाही मला त्यात स्वतःची लाज वाटली नाही असं झालेलं नाही. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, सगळे माना डोलावत होते. सातव्याला मी नवऱ्याचं आणि तुझं नाव वाचलं आणि त्याच आवाजात पुढे म्हटलं, 'मालकीणबाईंनी टाचेची चौकशी केलीय. टबही तयार ठेवतील.' तुझा हात पोळल्यासारखा मागे गेला. माझा नवरा छताकडे बघायला लागला, जणू तिथे लिफ्ट अडकली होती. आणि डॉक्टरांनी निष्पाप चेहऱ्याने विचारलं, 'कसली टाच?' ज्या माणसाने त्या टाचेला आठवडाभर पट्ट्या बदलल्या होत्या, त्याने. खोलीत इतर चौघांना एका क्षणात कळलं, त्यांना सगळ्यात शेवटी. मला तुम्हा दोघांना उघडं पाडायचं होतं. फाडला गेला तो तिसराच माणूस. डॉक्टरांनी आपला कोट घेतला, माझ्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, 'तुम्ही मला एकट्याला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, वहिनी.' खुंटीवरचा तो शब्द त्यांनी माझ्यासाठी काढला. दोन महिन्यांत तू शहर सोडलंस हे मला दुकानाच्या पाटीवरून कळलं, पाटीवर आता दुसऱ्याचं नाव आहे.

नवऱ्याला मी एकदाच विचारलं, तिच्याबरोबर चाललास, माझ्याबरोबर का नाही? म्हणाला, 'तुझ्याबरोबर चुकता येत नाही. तिच्याबरोबर आम्ही दोनदा वाट चुकलो.' नकाशा माझा होता, ठमे. तो नीट बघितला असतात तर चुकला नसतात. मी त्याला जायला सांगितलं, तो गेला नाही. तुझ्याकडे येतो म्हणाला नाही, माझ्याकडे राहतो असंही म्हणाला नाही. पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी केली. तेव्हापासून आमच्याकडे 'प्लीज' आहे.

आता लिहायला बसले त्याचं कारण. तेव्हा मोडलेली यात्रा पुढच्या महिन्यात निघते आहे. मोठ्या बाई सत्तरीच्या होतील, आता नाही तर त्यांना जमणार नाही. या वेळी खोल्यांचा तक्ता नाही. ज्याला जिथे पाठ टेकता येईल तिथे तो झोपेल. डॉक्टर येताहेत. माझा नवराही येतो म्हणालाय. तू बाईंना लिहिलेलं पत्र त्यांनी सर्वांना वाचून दाखवलं, की तुलाही चालायचंय, मागे राहून, कुणाला त्रास न देता. मंडळात नवं किंवा जुनं माणूस घ्यायचं तर सगळ्यांचा होकार लागतो आणि नकाराला कारण द्यावं लागत नाही, हे बाईंनी आम्हाला पुन्हा सांगितलं. सर हो म्हणाले, बँकवाले हो म्हणाले, माझा नवरा जमिनीकडे बघत हो म्हणाला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, 'येऊ दे तिला, आता काय राहिलंय.' उरले मी. ठमे, नवऱ्यावरून मी तुला अडवलं नसतं, तो मी दोन वर्षांपूर्वीच सोडून दिला. त्या गुरुवारी तू पेन्सिलीला टोक काढत मला पुलाबद्दल विचारलंस, त्यानंतर तू जे जे मला कधी सांगितलं होतंस, चष्म्याच्या पहिल्या दिवसापासून, ते सगळं मला पुन्हा तपासत बसावं लागलं, आणि अजून संपलेलं नाही. डॉक्टरांची बायको गेली, माझ्या नवऱ्याची बाई गेली, ते दोघं माफ करू शकतात. माझ्याकडे तुझ्याशिवाय बोलायला कुणी नव्हतं. म्हणून माझं उत्तर नाही. बाईंना मी काल ते एका शब्दात कळवलं. तुलाही एका शब्दात कळवता आलं असतं, पण तुला एका शब्दाचं पत्र मला लिहिता येत नाही.

एके काळी सगळीच तुझी,
नकाशेवाली