झाकणाच्या कडेचा बर्फ

४ मार्च
चोर! भर सभेत चोर! माझी चार वर्षं सरांनी पाच मिनिटांत स्वतःच्या नावावर खपवली. अतिवाहक पट्टीला लेसरने बारीक चिरा पाडायच्या, मग ती पिळून केबल करायची, म्हणजे विजेचं नुकसान तिसऱ्या हिश्श्याने घटतं — हे डोकं माझं. पडद्यावर नाव त्यांचं. तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

५ मार्च
नवरा म्हणतो, सोडून दे. त्याचं काय जातंय!

११ मार्च
नवी, लांब केबल टाकीत उतरवली. अतिवाहक, म्हणजे अतिथंडीत विजेला न अडवणारी असली तरी उलटसुलट धावणारा करंट तिला थोडं तापवतोच. त्या उष्णतेने टाकीतला द्रव नायट्रोजन उकळतो आणि त्याचा वायू मीटरमधून बाहेर पडतो. वायू कमी, म्हणजे नुकसान कमी. टाकी भरली नायट्रोजनवाल्या काकांनी, झाकणही त्यांनीच आवळलं. मी या प्रयोगशाळेत नवी होते तेव्हा हातमोजे कसे घालायचे, इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं.

आकडा आला — माझ्या जुन्या आकड्याचा दहावा हिस्सा! सर फक्त नाचायचे बाकी होते. लगेच वीज कंपनीला आमंत्रण.

मला काही पटेना.

१२ मार्च
सापडलं! झाकणाच्या कडेला एकाच जागी बर्फ साचलाय. आतली सीलची रिंग चिरलीय. वायू मीटरकडे न जाता तिथूनच पळतोय. सरांना सांगायला एक वाक्य पुरे.

नाही सांगणार. मूग गिळून बसणार. कापलं जाऊ दे नाक, पाहुण्यांसमोर.

१९ मार्च
कापलं!! कंपनीच्या इंजिनियर बाईंनी आधी झाकण उघडायला लावलं. चिरलेली रिंग दोन बोटांत धरून सरांना दाखवली, नवी बसवून घेतली. आकडा थेट माझ्या जुन्या आकड्यावर. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. घरी येऊन पोटभर जेवले.

२० मार्च
सरांनी हात झटकले. खापर काकांच्या डोक्यावर. रोज सकाळी झाकण बघणं तुमचं काम होतं, म्हणाले, उद्यापासून येऊ नका. सतरा वर्षं! काका एवढंच म्हणाले, “चूक झाली.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर ‘तुला कधी कळलं?’ हे आलंच असतं. नाही उघडलं.

२१ मार्च
काकांच्या घरी गेले. मला वाईट वाटलं, एवढंच मी म्हणाले. ते फाटकापर्यंत सोडायला आले.

“बारा तारखेला तू झाकणापाशी वाकून बघत होतीस. तू बघितलंस, म्हणून मग मी परत नाही बघितलं.”