उभ्या गाडीचा हादरा

श्रावणी सोमवार, लातूर

आज आनंद मावत नाही. क्लासवाल्या सरांची ती लाल, शर्यतीच्या मैदानावर पळवायची गाडी आठ दिवस आमच्या गॅरेजात आहे. वेग नि हादरे टिपणारं यंत्र ह्यांनी तिला जोडलं. दुपारी ते चालू ठेवून हे वायर आणायला बाजारात गेले. संध्याकाळी सरांनी बघितलं तर उभ्या गाडीचा हादरा नोंदलेला.

"मिस्त्री, जोडणी चुकली. गाडी पुण्याला नेतो." ह्यांचं तोंड उतरलं.

मी विचारलं, "तीन वाजून दहाला का, सर?"

"हाव ताई. तुम्हाला कसं ठावं?"

त्या मोठ्या भूकंपापासून मी फळीवर गिलासावर गिलास रचून ठेवते, धरणी जराशी हलली तरी वाजतात. वाजले की आधी घड्याळ बघते. आज गिलास तीन दहालाच वाजले होते. सरांनी क्लासला फोन लावला. तिथली पोरं त्याच वक्ताला बाहेर पळालेली.

"मिस्त्री, लई बारीक काम केलंत," सर म्हणाले. गाडी इथंच राहिली.

दिवा लावताना मात्र ओशाळले. धरणी हलली नि मी हरखले, हे बरं का? महादेवा, माफी दे. पण ह्यांची जोडणी बरोबर होती.