अकरा दिवसांचे आकडे

सोनागिरी, भोपाळ
१८ ऑगस्ट १९९४

प्रिय वंदनावहिनींना,
कमलिनीचा नमस्कार. नागपुरात सगळे बरे असाल. मी मजेत. क्वार्टरला यंदा रंग लागला, तोच सरकारी पिवळा. हे पत्र आधी तुम्ही वाचा, दादाला मग द्या.

हसाल तुम्ही, पण तीन आठवडे मी एकाच गोष्टीमागे लागलेय: नसलेला आकडा लिहायचा कसा? कारखान्यात मोटर तपासताना चोवीस ठिकाणी तापमान मोजतात. ते आकडे आता कॉम्प्युटरवर घ्यायचेत, आणि प्रोग्राम लिहायचं काम माझ्या नि सुचेताच्या गळ्यात पडलंय. एखादा तापमापक बंद पडला, तर त्या जागी काय? शून्य टाकलं तर मशीन ते खरंच शून्य अंश धरतं. मग उणे नऊशे नव्व्याण्णव टाकून पाहिलं. तेही सरासरीत मिसळलं आणि तापलेली मोटर बर्फाहून गार निघाली. सुचेता हसून हसून बेजार.

आमचे साहेब शंकरराव म्हणाले, नसेल तो सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. सुचेता अडून बसली. गुपचूप सोडलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं? दोन दिवस भांडून ठरलं की आकड्यांशेजारी, कुठला आकडा धरायचा नि कुठला नाही ते सांगणाऱ्या खुणांचा वेगळा तक्ता ठेवायचा. संशयाचा आकडा झाकायचा, पुसायचा नाही. आणि एक जरी आकडा नसला तरी सरासरीचं उत्तर 'माहीत नाही' असंच यायचं. वगळून हवी असेल तर माणसानं तसं स्पष्ट सांगायचं.

मला याची फार गंमत वाटली. आमच्याकडे माणसंसुद्धा 'माहीत नाही' म्हणत नाहीत. रजिस्टरात रकाना रिकामा दिसला की बोलणी बसतात, म्हणून रीडिंग राहिलं की सगळे आदल्या दिवसाचंच उतरवतात. मीही उतरवते. ती सवय मी घरीही आणली.

वहिनी, आईच्या रक्तदाबाची वही मीच लिहायची. गेल्या दिवाळीच्या सुमारास सलग अकरा दिवस मी तो मोजलाच नाही. टेस्टिंग चालू होतं, थकून यायची. आई दंड पुढे करायची, मी म्हणायची उद्या. आणि वहीत रोज एकशेतीस लिहायची.

तुम्ही धनत्रयोदशीला लोणचं घेऊन आलात, आईनं ते खाल्लं. तिसऱ्या दिवशी मोजलं तर दोनशेदहा, आणि संध्याकाळी आई गेली. दादानं ती वही सगळ्यांसमोर उघडली नि तुम्हाला म्हणाला, "तू येईपर्यंत सगळं ठीक होतं. हे बघ, लिहिलंय." वहिनी, मी तिथेच उभी होते.

लोणच्यानं काहीच झालं नसेल, असं मी म्हणत नाही. ते अकरा दिवसच माहीत नाहीत, म्हणून पुढचं कारणही माहीत नाही. दादालाही नाही, डॉक्टरांनाही नाही. तुमच्यावर त्यानं जो दोष ठेवला, तो माझ्या खोट्या आकड्यांच्या आधारावर ठेवला.

वही रजिस्टर पोस्टानं दादाच्या नावे पाठवली आहे. त्या अकरा आकड्यांवर लाल रेघ मारून शेजारी 'मोजले नाही' लिहिलंय आणि सही केलीय. खालचा आकडा वाचता येतो, मुद्दाम तसाच ठेवला. दादा चिडेल. या खेपेला त्याला माझ्यावर चिडू द्या, मधे पडू नका.

त्या दिवशी आपण दोघी गप्प राहिलो. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे होतं.

तुमची अपराधी,
कमलिनी